रानवाटेवरची साक्ष

आपल्या भाषेला शेणामुताचं वावडं कधीच नव्हतं. गाई-म्हशीचं ते शेण, घोड्याची आणि हत्तीची ती लीद, शेळी-मेंढीच्या त्या लेंड्या, पाखराची ती शीट. जनावरागणिक शब्द बदलतो, कारण जनावरागणिक उपयोग वेगळा होता. शेणानं अंगण सारवलं, गोवऱ्या थापल्या. लेंडीखतासाठी धनगराच्या मेंढ्या शेतात बसवल्या आणि त्याबद्दल त्याला धान्य दिलं. वाघाच्या मलासाठी मात्र असा खास शब्द घडला नाही. ती नुसती विष्ठा. तिचा कुणाला काही उपयोग नव्हता.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तिचा उपयोग कळला आहे. आज ताडोबात किंवा मेळघाटात पहाटे बीटवर निघालेला वनरक्षक रानवाटेवर काळपट, केसाळ, वळलेला गोळा दिसला की थांबतो. हातमोजे घालतो. विष्ठेच्या वरच्या पृष्ठभागाचा थोडा भाग उचलून अल्कोहोलच्या बाटलीत टाकतो, किंवा कापसाच्या बोळ्यानं तिचा वरचा थर पुसून घेतो. बाटलीवर तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहितो आणि पुढं चालू लागतो. वाघ त्याला दिसलेला नसतो. डरकाळीही ऐकू आलेली नसते. तरी कोणता प्राणी, नर की मादी, तोच आधी कुठं भेटला होता का, त्याचं मूळ कोणत्या जंगलातलं, एवढ्या गोष्टी त्या बाटलीतून पुढं कळू शकतात.

वाघ वाटेच्या कडेला विष्ठा टाकतो ती बहुतेक वेळा मुद्दाम. शेजारी मागच्या पायांनी जमीन खरवडतो, झाडावर मूत्राचा फवारा मारतो. दुसऱ्या वाघासाठी ठेवलेला तो निरोप असतो: हा मुलूख माझा आहे. तो निरोप वाचायला माणूस अलीकडे शिकला. त्यात काय लिहिलंय, आणि वाचल्यानंतर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे सांगण्यासाठी हा लेख.

ठसा, पट्टा आणि त्यापलीकडे

वाघ मोजण्याची आपली जुनी पद्धत पावलाच्या ठशांची. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात ती बसवली. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि आकारावरून हा वाघ कोणता हे ठरवायचं. कित्येक वर्षं देशाचे आकडे याच पद्धतीनं आले. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा उठतो, धुळीत वेगळा उठतो. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ नांदत होते आणि २००५मध्ये उघड झालं की तिथं एकही वाघ उरलेला नाही. त्या धक्क्यानंतर देशानं मोजणीची पद्धतच बदलली. २००६पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या अंदाजात ट्रॅप कॅमेरे आले. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून छायाचित्रावरून वाघ ओळखता येतो. २००६मध्ये अंदाज १४११ वाघांचा होता, २०२२मध्ये तो ३६८२वर गेला. महाराष्ट्राचा वाटा ४४४.

कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत. जिथं वाघ फार विरळ आहेत, डोंगर अवघड आहेत, तिथं कॅमेरे महिनोन्‌महिने झाडाला बांधून ठेवले तरी हाती काही लागत नाही. आणि सगळ्याच प्राण्यांच्या अंगावर पट्टे नसतात. कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा कळप समोरून गेला तर कोणता कोणता हे कसं सांगणार? सगळे तांबूस, सगळ्यांची शेपटी काळी, झुपकेदार. हत्तींचंही तेच. अनुभवी माणूस कानाच्या चिरा आणि सुळे पाहून काही हत्ती ओळखेल, पण अख्ख्या देशातले ओळखणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. कॅमेऱ्यासमोर सारखी दिसणारी ही जनावरं आपापली ओळख वाटेवर टाकून जातात.

विष्ठेत काय असतं

विष्ठेत जे सापडतं ते मुख्यतः खाल्लेल्या प्राण्याचं. चितळाचे केस, रानडुकराचे राठ केस, हाडांचे तुकडे, खुरं. हे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भक्ष्य ओळखण्याचं शास्त्र जुनं आहे आणि त्यानं महाराष्ट्राला एक महत्त्वाचा धडा दिला. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबटे जंगलात नाही, उसात राहतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा त्यांच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या संख्येनं कुत्र्यांच्या सातपट होत्या, पण आहारात अवघ्या ११ टक्के. शेळीला गोठा असतो, राखण असते. कुत्रं रात्री उघड्यावर असतं.

केस सांगतात की काय खाल्लं. कुणी खाल्लं ते मात्र दुसऱ्या एका गोष्टीत दडलेलं असतं. अन्न आतड्यातून सरकताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी सोलून निघतात आणि विष्ठेच्या बाहेरच्या थराला चिकटून येतात. त्या पेशी खाणाऱ्याच्या स्वतःच्या. त्यांत त्याचा डीएनए असतो. वनरक्षक वरचा थर उचलतो तो यासाठी.

पण तो डीएनए तुटपुंजा आणि तुकड्या-तुकड्यांचा असतो. त्यात भक्ष्याचा डीएनए मिसळलेला, कोट्यवधी जिवाणूंचा मिसळलेला, वर ऊन आणि दव. अशा गढूळ पाण्यातून हवा तो थेंब वेगळा काढण्याचं साधन म्हणजे पीसीआर. करोनाच्या साथीत हे नाव घराघरात पोचलं. कॅरी मुलिस यांनी १९८०च्या दशकात शोधलेली ही क्रिया डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या लाखो प्रती काढते. १९९२मध्ये म्युनिकमध्ये काम करणाऱ्या स्वांते पेबो यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उत्तर इटलीतल्या तपकिरी अस्वलांच्या विष्ठेतून त्यांनी अस्वलाचा डीएनए वाचला होता. प्राण्याला न पकडता, भूल न देता, त्याच्या केसालाही धक्का न लावता त्याची वंशओळख मिळू शकते हे जगाला कळलं. याच पेबो यांना पुढं, लुप्त मानवजातींच्या डीएनएवरच्या कामासाठी, २०२२चं नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत आधी जात ठरते, मग व्यक्ती. जातीसाठी तंतुकणिकेतला म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वापरतात. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून तो खराब नमुन्यातही टिकून राहतो. ही पायरी अनावश्यक वाटेल, कारण अनुभवी माणसाला विष्ठा पाहून प्राणी कळतोच की! पण ब्रिटनमध्ये पाइन मार्टेन या दुर्मीळ प्राण्याच्या विष्ठा म्हणून जाणकारांनी गोळा केलेल्या नमुन्यांत कोल्ह्यांच्या विष्ठा निघाल्या. हिमबिबट्याच्या म्हणून आणलेल्यांतही अनेक कोल्ह्याच्या ठरल्या. नजरेवर विसंबून केलेल्या गणनेत किती कोल्हे हिमबिबटे म्हणून मोजले गेले असतील, याचा विचार केला की या पायरीचं मोल कळतं.

व्यक्ती ओळखण्यासाठी केंद्रकातल्या डीएनएकडे जावं लागतं. त्यात काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. भजनात एक बुवा धृपद पाच वेळा घोळवतो, दुसरा आठ वेळा, तसं. कोणत्या ठिकाणी किती वेळा, हे प्रत्येक प्राण्यात वेगळं असतं. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दहा-बारा ठिकाणांचे आकडे ओळीनं मांडले की त्या प्राण्याचा जणू ओळख क्रमांक तयार होतो. नराच्या वाय गुणसूत्राची खूण सापडते की नाही, यावरून नर-मादी कळते.

इथं एक धोका आहे. नमुना खराब असेल तर दोन आकड्यांतला एकच हाती लागतो, दुसरा निसटतो. मग एकाच वाघाचे कागदावर दोन वाघ होतात आणि सरिस्काची चूक नव्या वेषात परत येते. म्हणून एकच नमुना अनेकदा वाचावा लागतो आणि उत्तरं जुळली तरच तो गणनेत धरला जातो. बरेच नमुने बाद होतात. या शास्त्राची प्रतिष्ठा या बाद करण्यात आहे.

भारतात या कामाचा पाया हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी घातला. डीएनए ठशांचं तंत्र त्यांनी देशात रुजवलं आणि संकटग्रस्त जातींसाठीची ‘लॅकोन्स’ ही प्रयोगशाळाही त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली. बंगळुरूच्या ‘एनसीबीएस’ या संशोधन संस्थेत उमा रामकृष्णन यांच्या गटानं वाघाच्या विष्ठेचं शास्त्र पुढं नेलं. बंदिपूरच्या जंगलात त्यांनी पद्धतीची परीक्षाच घेतली. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वाघाच्या ठरलेल्या ५८ विष्ठांमधून २६ वेगवेगळे वाघ ओळखता आले. कोणता वाघ एकदाच भेटला आणि कोणता पुन्हापुन्हा, यावरून न भेटलेल्यांचाही हिशेब मांडता येतो. तो मांडल्यावर विष्ठेचा अंदाज कॅमेऱ्याच्या अंदाजाशी जुळला. दोन साक्षीदारांनी एकमेकांना न विचारता एकच जबानी दिली होती.

साडेसहाशे किलोमीटर

जुळणी झाली म्हणजे विष्ठा कॅमेऱ्याच्या बरोबरीला आली, एवढंच. पण कॅमेऱ्याला न सांगता येणारी एक गोष्ट तिला सांगता येते. छायाचित्र सांगतं की वाघ आज इथं आहे. त्याचं मूळ कुठलं, त्याचे नातेवाईक कोणत्या जंगलात आहेत, हे त्याच्या डीएनएत लिहिलेलं असतं.

२०१३मध्ये आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांचा मध्य भारतावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा संरक्षित जंगलांमधून त्यांनी ५५ वाघ ओळखले, तेही एकाही वाघाला हात न लावता. मग प्रत्येकाची वंशओळख कोणत्या जंगलाशी जुळते ते तपासलं. काही वाघ जिथं सापडले तिथले नव्हतेच. त्यांचं मूळ गाव साडेसहाशे किलोमीटरच्या घरात दूर होतं.

या अंतराचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. मध्य भारतात साडेसहाशे किलोमीटर सलग जंगल कुठंही नाही. मधे कापसाची आणि सोयाबीनची शेतं आहेत, नाले, कालवे, रेल्वेचे रूळ, कोळशाच्या खाणी, गावं आणि महामार्ग आहेत. आईपासून वेगळा झालेला दोन वर्षांचा तरुण वाघ रात्री चालतो, दिवसा नाल्यातल्या झुडपात पडून राहतो आणि कुणाला पत्ता न लागता आपल्या बांधावरून निघून जातो. या अभ्यासाचा सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष असा, की दोन जंगलांमधलं अंतर वाघाला अडवत नाही. माणसांच्या वस्त्या आणि रस्त्यांची दाटी अडवते.

विष्ठेनं सांगितलेलं हे पुढं एका वाघानं प्रत्यक्ष चालून दाखवलं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या, रेडिओ कॉलर लावलेल्या तरुण नरानं २०१९मध्ये घर सोडलं. तेलंगणात जाऊन तो परत विदर्भात आला आणि अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ‘वॉकर’ म्हणून देशभर गाजलेल्या या वाघाची एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून आपल्याला कळलं. पट्टा नसलेले असे किती चालत असतील, ते त्यांच्या विष्ठेवरूनच कळेल.

प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये हाच प्रश्न आणखी पसरून विचारला. मध्य भारतातल्या वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चौघांच्या विष्ठा त्यांनी अभ्यासल्या. एकाच भूभागात राहणाऱ्या या चार प्राण्यांना माणसाचा वावर सारखा जाचत नाही, हे त्यातून दिसलं. रानमांजराला जे शेत घर वाटतं, ते वाघाला भिंत वाटू शकतं. म्हणून एका प्राण्याची वाट राखली म्हणजे सगळ्यांची राखली, असं समजून चालत नाही.

लिदीनं मोजलेला हत्ती

ऑक्टोबर २०२५मध्ये देशातल्या हत्तींचा डीएनएवर आधारलेला पहिला अंदाज जाहीर झाला. २१,०५६ लिदीचे नमुने गोळा झाले. त्यांतून ४०६५ वेगवेगळे हत्ती ओळखले गेले आणि त्यावरून देशात २२,४४६ हत्ती असल्याचा अंदाज आला. २०१७चा आकडा तीस हजारांच्या आसपास होता, म्हणून ‘हत्ती घटले’ असे मथळे झळकले. पण पद्धतच वेगळी असल्यानं हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. हा नव्या मोजणीचा पहिला दगड आहे. पुढची तुलना याच्याशी करायची.

त्या आकड्यात महाराष्ट्राच्या नावावर ६३ हत्ती आहेत. ओडिशा-छत्तीसगडकडून हत्तींचा कळप २०२१मध्ये गडचिरोलीत उतरला. दोडामार्गात कर्नाटकातून येणारे हत्ती तर दोन दशकांहून अधिक काळ माडाच्या आणि केळीच्या बागा तुडवताहेत. ज्याची बाग रात्रीत आडवी होते त्याला हत्तीची वंशावळ सांगून समाधान होणार नाही, हे उघड आहे. पण हत्ती नेमके किती, तेच ते परत येतात की नवे येतात, कोणत्या वाटेनं येतात, हे कळल्याशिवाय नुकसान टाळण्याचा कोणताही उपाय अंधारातच मारलेला दगड ठरतो. बागेत पडलेली लीद शेतकऱ्याच्या बाजूनंही साक्ष देऊ शकते.

आफ्रिकेत तिनं शिकाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली आहे. अमेरिकेतले संशोधक सॅम्युअल वासर यांनी आफ्रिका खंडभरातून हत्तीची लीद जमवून जनुकांचा नकाशा तयार केला. मग बंदरांवर पकडलेल्या हस्तिदंतातला डीएनए त्या नकाशाशी ताडून पाहिला. मोठमोठ्या साठ्यांमधलं बरंचसं हस्तिदंत मोजक्याच प्रदेशांतून आलेलं निघालं. सवाना हत्तींचं मुख्यतः टांझानिया आणि लगतच्या उत्तर मोझांबिकमधून, वनहत्तींचं कॅमेरून-काँगो-गॅबनच्या सीमाभागातून. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं. पहारा नेमका कुठं वाढवायचा, हे लिदीनं बोट ठेवून दाखवलं.

वाट तुटली की

वाटा तुटल्यावर काय होतं, ते पाहायचं असेल तर ओडिशातल्या सिमिलिपालकडे पाहावं. तिथं काळे दिसणारे वाघ आहेत. त्यांच्या अंगावरचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. २०२१मध्ये विनय सागर, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधून काढलं: एका जनुकातला एक बदल. तो आई आणि वडील दोघांकडून आला तरच वाघ काळा दिसतो. हा बदल इतका दुर्मीळ असताना सिमिलिपालमध्ये इतका कसा दिसतो? कारण तिथले वाघ फार थोडे आणि बाकीच्यांपासून तुटलेले. बाहेरून नवं रक्त आलंच नाही आणि आप्तांतच जोड्या जमत गेल्या. पर्यटकाला तो काळा वाघ नवलाचा वाटतो. जनुकं वाचणाऱ्याला त्यात एकाकीपणा दिसतो.

यावर उपाय म्हणून २०२४च्या अखेरीस महाराष्ट्रातून, ताडोबाहून, जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेल्या. झीनत तिथून निघाली ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालच्या बांकुऱ्यापर्यंत गेली. शेवटी तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. ताडोबाची लेक ओडिशाला पाठवणं हा उपाय योग्यच होता. पण तो करावा लागला याचं कारण विसरू नये. वाट असती तर एखादा वाघ स्वतः चालत गेला असता. वाट उरली नाही, म्हणून भूल देऊन, पिंजऱ्यात घालून, गाडीतून न्यावं लागलं. आज मध्य भारतात जे वाघ फुकट करतात, ते उद्या आपल्याला पैसे आणि माणसं खर्चून करावं लागेल, तेही अर्धंमुर्धं.

वाट राखता येते याचाही पुरावा आपल्याच दारात आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करताना, दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर, महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधावे लागले. त्यांतला सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा. वर गाड्या धावतात आणि खालून वाघ, कोळसुंदे, चितळ, रानडुकरं जातात. तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. रस्ता झाला आणि वाटही राहिली. खर्च आला, वेळ लागला, पण झालं.

विष्ठेचं शास्त्र आता वेगानं पुढं जातंय. मेघना नटेश आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये मांडलेल्या पद्धतीनं खराब नमुन्यांतूनही शेकडो जनुकीय खुणा एकाच वेळी आणि कमी खर्चात वाचता येतात. पण शास्त्र कितीही पुढं गेलं तरी त्याची सुरुवात उन्हातान्हात पायी फिरणाऱ्या वनरक्षकापासून आणि वनमजुरापासून होते. त्यानं बाटलीवर तारीख आणि जागा नीट लिहिली नाही तर पुढची सगळी यंत्रं मुकी. वाघांच्या आकड्याचा अभिमान मिरवताना या माणसांची आठवण ठेवली पाहिजे. ते कायम आहेत की रोजंदारीवर, त्यांच्या पायात धड बूट आहेत का, हेही विचारलं पाहिजे.

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. रानातल्या खुणांसाठी मराठीत शब्द आहेत आणि नसतील तर ते रानातल्या माणसांकडून शिकून घ्यायचे, ही शिकवण त्यांनी आपल्याला दिली. वाघाच्या विष्ठेसाठी अजून आपल्याकडे खास शब्द नाही. तिचा अर्थ मात्र आता कळला आहे. वाघ जंगलात राहतो आणि जंगलांच्या मधून जातो. त्या मधल्या पट्ट्यात आपण राहतो. तिथला नाला, गायरान, झुडपी जंगलाचा तुकडा हा कुणाच्या सातबाऱ्यावर न लिहिलेला त्याचा वहिवाटीचा हक्क आहे.

तुमच्या तालुक्यात नवी खाण, नवा रस्ता, नवी वसाहत येणार असेल, तर पर्यावरणाची जनसुनावणी लागते तेव्हा तिथं जा. अहवाल मागा. वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग इथून जातो का, तो कोणत्या पुराव्यावर ठरवला, विष्ठेचे नमुने घेतले का, हे उभं राहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वाघाची जबानी बाटलीत बंद होऊन प्रयोगशाळेपर्यंत पोचली आहे. सुनावणीत ती मांडायला माणूसच लागतो.